सलग सुट्टीत सहकुटुंब मुंबई : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

यंदा २ ऑक्टोबर शुक्रवारी येत असल्याने शनिवार-रविवार धरून तीन दिवसांची सलग सुट्टी मिळते आहे. या सुट्टीत घरातल्या सगळ्यांना घेऊन रेल्वेने मुंबईला जाण्याविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न बहुतेक घरांना लागू पडणारे असल्यामुळे त्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे. घरात माझे सासरे (वय ७६), सासूबाई (वय ७२, गुडघेदुखीचा त्रास), आम्ही दोघे आणि ९ व ४ वर्षांची दोन मुले आहोत. गुरुवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परत यायचे आहे. तिकिटे कधी व कशी काढावीत, कोणत्या स्थानकावर उतरावे आणि तीन दिवसांत काय पाहावे? सासूबाईंना खालचाच बर्थ मिळणे आवश्यक आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण प्रश्नाचा शेवट जिथे केला आहे, तिथूनच नियोजनाला सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. सासूबाईंच्या गुडघ्यांना सोसेल असा प्रवास आधी ठरवला, तर मुलांचे आणि आपले आपोआप ठरत जाते. मुंबईत काय पाहायचे याची यादी आधी करून ज्येष्ठांना तीत कसेबसे बसवले, तर दुसऱ्याच दिवशी त्या दोघांना खोलीत बसून राहावे लागते.

प्रथम तारखा पाहू. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अजूनही अनेक जण त्याच हिशेबाने चालतात. प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस मोजले, तर १ ऑक्टोबरच्या रात्रीचे आरक्षण २ ऑगस्टला सकाळी ८ वाजता उघडेल. तो दिवस रविवार आहे. परतीचा प्रवास रविवार, ४ ऑक्टोबरच्या रात्रीचा असल्याने त्याचे आरक्षण ५ ऑगस्टला, म्हणजे बुधवारी सकाळी उघडेल. ही दुसरी तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. रविवारी जाण्याचे तिकीट हाती आले की घरात आनंद होतो, बुधवारी सकाळी मुलांची शाळा आणि मोठ्यांची कामावर जाण्याची घाई असते, आणि परतीचे तिकीट संध्याकाळवर ढकलले जाते. तोवर वेटिंग सुरू झालेले असते. सलग सुट्टीच्या शेवटच्या रात्रीची गाडी पहिल्या रात्रीच्या गाडीपेक्षा अधिक भरते, कारण गुरुवारी काही जण निघतात आणि काही शुक्रवारी सकाळी, पण परतायचे मात्र सगळ्यांना रविवारीच असते.

ऑनलाइन तिकीट काढणार असाल, तर आपले खाते आधारशी जोडून त्याची पडताळणी जुलैतच पूर्ण करून ठेवा. आरक्षण उघडताना सुरुवातीच्या वेळेत अशा पडताळणी केलेल्या खात्यांनाच तिकीट काढता येते. प्रवाशांची नावे, वये आणि आवडीचे बर्थ खात्यातील प्रवासी-यादीत आधीच भरून ठेवले, तर ऐन आठ वाजता टंकत बसावे लागत नाही. संगणकाशी फारशी ओळख नसेल, तर स्थानकावरच्या आरक्षण खिडकीवर आधी भरून ठेवलेला फॉर्म घेऊन वेळेपूर्वी रांगेत उभे राहणे हाही चांगला मार्ग आहे.

आता खालच्या बर्थविषयी. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक शयनयान आणि वातानुकूलित डब्यात ठरावीक खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. मात्र हा ज्येष्ठ नागरिक कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील आणि दोघेही या वयाचे असतील तेव्हाच मिळतो. सगळ्या कुटुंबाचे एकच तिकीट काढले, तर संगणक ज्येष्ठांना खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न करतो, पण तो रिकामा असेल तरच. म्हणून सासू-सासऱ्यांचे तिकीट वेगळे काढा, कोटा ‘ज्येष्ठ नागरिक’ निवडा आणि ते सर्वांत आधी काढा. त्यावर डब्याचा क्रमांक आला की आपल्या दुसऱ्या तिकिटात पसंतीचा डबा म्हणून तोच क्रमांक भरा. बहुतेक वेळा तो डबा मिळतो. न मिळाल्यास गाडीत टीसींना विनंती करून आपल्यापैकी एकाचा बर्थ बदलून घ्यावा आणि त्या दोघांच्या डब्यात घरातील एक मोठे माणूस राहील असे पाहावे. दोन वेगळी तिकिटे म्हणजे दोन स्वतंत्र पीएनआर (आरक्षण क्रमांक) असल्यामुळे सासऱ्यांनी आपले मूळ ओळखपत्र स्वतःच्या खिशात ठेवले पाहिजे, ते आपल्या पिशवीत असून चालणार नाही. ज्येष्ठांना तिकिटात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे दोघांचेही भाडे पूर्ण धरा.

मुलांच्या बाबतीत, पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांखालील मुलाला बर्थ न घेता अर्ध्या भाड्यात नेता येते, पण बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते. नऊ वर्षांच्या मुलासाठी पूर्ण भाडे भरून बर्थ घ्याच, असे मी आग्रहाने सांगेन. रात्रभर एका अरुंद बर्थवर मोठा माणूस आणि नऊ वर्षांचे मूल यांपैकी कोणालाच झोप लागत नाही, आणि पहिल्या दिवशीची चिडचिड तिथेच जन्माला येते. म्हणजे आपल्याला एकूण पाच बर्थ लागतील. शक्य असेल तर वातानुकूलित तृतीय श्रेणी घ्या. सलग सुट्टीच्या रात्री शयनयान डब्यांत विनाआरक्षण चढणाऱ्यांची गर्दी होते आणि वयस्कर माणसाला स्वच्छतागृहापर्यंत जाणेही कठीण होते. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच उघडता येतो, हा नियम सहप्रवाशांशी बोलताना लक्षात असू द्यावा.

गाडी अर्थातच रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. कोयना एक्स्प्रेस दिवसाची आहे, तिच्या प्रवासात आपला एक पूर्ण दिवस जाईल. सह्याद्री घाट आणि कृष्णाकाठ मुलांना दिवसाउजेडी दाखवायचा असेल तर ती उत्तम आहे, पण तीन दिवसांच्या सहलीला ते परवडणारे नाही.

उतरायचे कुठे, याविषयी माझे मत ठाम आहे. दादर सोयीचे वाटले, तरी ज्येष्ठांसह छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत, म्हणजे सीएसएमटीपर्यंत जावे. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते, फलाटावर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची झुंबड असते आणि बाहेर पडण्यासाठी पूल चढावा लागतो. सीएसएमटी हे शेवटचे स्थानक आहे. गाडी रिकामी होईपर्यंत बसून राहता येते, सामान एकेक करून उतरवता येते आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या फलाटावरून एकही जिना न चढता थेट मुख्य दालनात येता येते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे. शिवाय ती वास्तू स्वतःच पाहण्यासारखी आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आराखडा केलेल्या या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षे चालले, आणि २००४ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. याच परिसरातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली होती. नऊ वर्षांच्या मुलाला हे त्या दालनातच उभे करून सांगावे.

मुक्काम सीएसएमटी-फोर्ट परिसरात किंवा दादरला करावा. दादरला मराठी जेवणाची, थालीपीठ-कोथिंबीर वडीची घरगुती उपाहारगृहे पावलापावलावर आहेत आणि ज्येष्ठांना ते वातावरण ओळखीचे वाटते. फोर्टमध्ये खोल्या थोड्या महाग पडतात, पण पाहण्याची बरीच ठिकाणे जवळ येतात. या दोन्ही भागांना जोडणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे आणि आपल्यासारख्या कुटुंबासाठी ती फार मोठी सोय आहे. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, गिरगाव, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर ही सगळी स्थानके एकाच मार्गावर आहेत आणि स्थानकांत उद्वाहक (लिफ्ट) व सरकते जिने आहेत. लोकलमधली धक्काबुक्की टाळून ज्येष्ठांना शहर दाखवण्याचा इतका सोपा मार्ग मुंबईत पूर्वी नव्हता. रस्त्याने जायचे असेल, तर दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, तिथे काळी-पिवळी टॅक्सी करावी लागते, हे आधीच माहीत असलेले बरे. सहा जण एका छोट्या टॅक्सीत मावत नाहीत, म्हणून दोन टॅक्सी कराव्या लागतील आणि प्रत्येकीत एक जाणते माणूस असावे.

आता तीन दिवस. पहिल्या दिवशी सकाळी पोहोचून आंघोळ-न्याहारी करा आणि दुपारपर्यंत ज्येष्ठांना पडू द्या. हा दिवस गांधी जयंतीचा आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २ ऑक्टोबरला बंद असते, त्यामुळे अनेक कुटुंबे तिथे जाऊन दारावरून परत फिरतात. त्याऐवजी दुपारनंतर गावदेवीतील मणिभवनात जावे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे राहत असत. ते राहत असलेली खोली जिने चढून गेल्यावर वरच्या मजल्यावर आहे. सासूबाईंना वर जाणे जमणार नसेल, तर खाली बसून ग्रंथालय पाहता येते. तिथून ऑगस्ट क्रांती मैदान जवळच आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’चा ठराव झाला तो याच परिसरात, तेव्हाच्या गोवालिया टँक मैदानावर. सासऱ्यांच्या पिढीने हे आपल्या वडिलांकडून ऐकलेले असते, त्यांनाच नातवंडांना सांगू द्यावे. सूर्यास्ताच्या सुमारास गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा कठडा, एवढ्यावर दिवस संपवावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तुसंग्रहालय. १९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूत शिल्पे, लघुचित्रे, शस्त्रे आणि पक्षी-प्राण्यांचे दालन असल्याने आजोबा आणि नातवंडे दोघेही रमतात. सगळी दालने पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये. दोन तास पुरे. तिथून गेटवे ऑफ इंडिया चालत जाण्याइतके जवळ आहे. घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बोटी गेटवेवरूनच सुटतात, पण त्या लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत आणि बोटीने जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो. आपल्या घरातील चार वर्षांचे मूल आणि गुडघे लक्षात घेता, या वेळी घारापुरी सोडावी असे मी सुचवेन. फारच इच्छा असेल, तर आपण दोघांपैकी एकाने थोरल्या मुलाला घेऊन जावे आणि बाकीच्यांनी गेटवेपाशी निवांत बसावे. बोटीत जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय बसू नये. घारापुरी सोमवारी बंद असते, आपल्या सहलीत सोमवार येत नसला तरी इतर वाचकांसाठी हे नोंदवतो.

तिसऱ्या दिवसासाठी दोन पर्याय आहेत. मुलांना विज्ञानाची गोडी असेल, तर वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र घ्यावे. तिथे वस्तूंना हात लावून, फिरवून, ढकलून पाहायचे असते, त्यामुळे चार वर्षांचे मूलही कंटाळत नाही. प्राण्यांची आवड असेल, तर भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिथे सपाट रस्ते, जुनी मोठी झाडे आणि पेंग्विन आहेत. हे उद्यान बुधवारी बंद असते, रविवारी उघडे असते, पण रविवारची गर्दी मोठी असल्याने सकाळी उघडतानाच पोहोचावे. दोन्ही एका दिवसात करू नयेत. दुपारचे जेवण झाले की खोलीवर परत, थोडी झोप आणि मग सामान आवरून स्थानक. ज्येष्ठांच्या आठवणीतले चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय बंद झालेले आहे, त्यामुळे नातवंडांना त्याचे आश्वासन देऊ नये.

देवदर्शनाचेही आपल्या मनात असेलच. यंदा २ ऑक्टोबर पितृपक्षात येतो आणि नवरात्र ११ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे मुंबईच्या महालक्ष्मीच्या देवळात नवरात्रातली मोठी रांग त्या तीन दिवसांत लागणार नाही. अंबाबाईच्या गावच्या माणसांना हे दर्शन सकाळी लवकर शांतपणे घेता येईल.

प्रश्न : कराडहून मुंबईसाठी चार जणांचे तिकीट काढले, पण वेटिंग आले. तिकीट काढून देणारा म्हणतो की गाडीत चढा, टीसी जागा करून देतात. हे योग्य आहे का? — एक वाचक, कराड

उत्तर : योग्य नाही, आणि मुलेबाळे बरोबर असताना तर मुळीच नाही. वेटिंग तिकिटावर शयनयान किंवा वातानुकूलित डब्यातून प्रवास करता येत नाही. टीसी दंड करून पुढच्या स्थानकावर साध्या डब्यात पाठवू शकतात. तिकीट ऑनलाइन काढलेले असेल आणि चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) तयार झाल्यावर चौघेही वेटिंगवरच राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळतात. खिडकीवरचे तिकीट मात्र आपल्याला स्वतः रद्द करावे लागते आणि गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ते केले नाही तर पैसे बुडतात. आरएसी, म्हणजे फक्त बसण्याची जागा मिळालेले तिकीट असेल, तर प्रवास करता येतो, पण बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना मिळून बसावे लागते.

वेटिंगचा आकडा किती आहे याइतकेच ते कोणत्या प्रकारचे आहे हेही महत्त्वाचे असते. गाडी जिथून सुटते त्या स्थानकापासूनच्या तिकिटांना मोठा कोटा असतो आणि त्यातले वेटिंग लवकर पुढे सरकते. मधल्या स्थानकांना छोटा कोटा असतो, तिथले दहा-बारा वेटिंगही अखेरपर्यंत हलत नाही. म्हणून कराडहून तिकीट मिळत नसेल, तर कोल्हापूरपासूनच्या तिकिटाची उपलब्धता पाहावी. ते मिळाले, तर काढतानाच चढण्याचे स्थानक कराड असे नोंदवावे. भाडे थोडे अधिक पडते, पण जागा निश्चित होते. हे पूर्णपणे नियमात बसणारे आहे. एकदा चढण्याचे स्थानक बदलले की मूळ स्थानकावरून त्या तिकिटावर चढता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

तरीही जमले नाही, तर तत्काळ आहे. गुरुवारी सुटणाऱ्या गाडीचे तत्काळ आरक्षण बुधवारी उघडते, वातानुकूलित वर्गाचे सकाळी १० वाजता आणि शयनयानाचे ११ वाजता. एका तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी बसतात, आपण नेमके चार आहात. निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. सलग सुट्टीच्या आदल्या दिवशी तत्काळवर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही. त्याआधी मध्य रेल्वेने विशेष गाडी जाहीर केली आहे का ते पाहत राहावे. विशेष गाडीचे भाडे अधिक असते, पण ती उशिरा जाहीर होत असल्याने तीत जागा मिळण्याची शक्यता बरी असते. आणि आजीचे येणे रद्द होऊन तिच्याऐवजी तिची मुलगी येणार असेल, असे काही झाले, तर निश्चित तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावावर करून मिळते. त्यासाठी ज्याच्या नावावर तिकीट आहे त्याच्याशी नाते जवळचे असावे लागते, आणि गाडीच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात नात्याच्या पुराव्यासह अर्ज द्यावा लागतो.

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. सात वर्षांची जुळी मुले आहेत. त्यांना वंदे भारतने मुंबईला न्यायचे आहे. दोघांचे अर्धे तिकीट चालेल का? आणि ही गाडी घ्यावी की रात्रीची देवगिरी? — एक पालक

उत्तर : वंदे भारतमध्ये बसण्याची आसने आहेत, आणि चेअर कारमध्ये आसन न घेता अर्ध्या भाड्यात मूल नेण्याची सोय नसते. त्यामुळे दोघांचीही पूर्ण तिकिटे लागतील आणि खर्च काढताना चार पूर्ण भाडी धरावीत. तिकीट काढताना गाडीतील जेवण नको असल्यास तसे नोंदवता येते, त्याने भाडे कमी होते.

डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झालेली आणि पुढे नांदेडपर्यंत वाढवलेली ही गाडी सकाळी आपल्या गावाहून निघून दुपारी मुंबईत पोहोचते. याचा अर्थ सुट्टीच्या पहिल्या दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो. म्हणून जाताना देवगिरीने रात्री झोपून जावे आणि येताना वंदे भारतने यावे, असा माझा सल्ला आहे. परतीची वंदे भारत दुपारी मुंबईहून सुटते आणि त्याच दिवशी घरी पोहोचवते. मुले दिवसाउजेडी कसारा घाट पाहतील, रात्री आपल्या अंथरुणात झोपतील आणि दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याइतकी ताजी राहतील. ही गाडी आठवड्यातून एक दिवस धावत नाही, तेव्हा तारीख ठरवण्यापूर्वी तो दिवस कोणता हे पाहून घ्यावे.

प्रश्न : नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसने आम्ही सकाळी सीएसएमटीला उतरू. हॉटेलवाले दुपारी १२ नंतरच खोली देतो म्हणतात. बरोबर आई आणि लहान मूल आहे. तोपर्यंत काय करावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : रात्रभराच्या प्रवासानंतर वयस्कर आईला आणि मुलाला चार-पाच तास ताटकळत ठेवणे योग्य नाही, आणि त्याची गरजही नसते. निश्चित किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर स्थानकातील विश्रामकक्ष काही तासांसाठी ऑनलाइन आरक्षित करता येतो. सीएसएमटीला अशा खोल्या थोड्याच आहेत आणि सलग सुट्टीत त्या लवकर भरतात, म्हणून रेल्वेचे तिकीट निश्चित होताच ते काम उरकावे. तो न मिळाल्यास हॉटेलला आधीच दूरध्वनी करून लवकर खोली देण्याचे किती पैसे घेणार ते विचारावे. अर्ध्या दिवसाचे भाडे द्यावे लागले, तरी आईसाठी ते देण्यासारखे आहे. हॉटेल ठरवताना उद्वाहक आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, हे दोन प्रश्न विसरू नयेत. फोर्ट आणि दादर या दोन्ही भागांतल्या जुन्या इमारतींत लाकडी जिने असतात. सर्व मोठ्या माणसांची मूळ ओळखपत्रे बरोबर हवीत, एकाच्या ओळखपत्रावर सगळ्यांना खोली देत नाहीत.

परतीच्या दिवशी हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. खोली सकाळी किंवा दुपारी सोडावी लागते आणि गाडी संध्याकाळी असते. बहुतेक हॉटेले सामान ठेवून घेतात. स्थानकावरच्या सामानघरातही ते ठेवता येते, पण प्रत्येक पिशवीला कुलूप लागते आणि तिकीट दाखवावे लागते. कापडी पिशव्या तिथे घेत नाहीत, तेव्हा सगळे सामान कुलूप लागणाऱ्या बॅगांत बसेल असे घरूनच पाहावे.

प्रश्न : आम्ही लातूरहून येणार आहोत. मुलांना मुंबईच्या लोकलमध्ये बसायचेच आहे. भीतीही वाटते. रविवारी बसवावे का? — एक आई

उत्तर : अवश्य बसवा, मुंबईला येऊन लोकलमध्ये न बसता परतलेल्या मुलाच्या मनात ती राहूनच जाते. फक्त वेळ आणि मार्ग निवडून घ्या. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो. तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारच्या पुढेपर्यंत चालतो. त्या वेळेत गाड्या कमी धावतात, काही स्थानके वगळली जातात आणि गर्दी वाढते. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याची वेळ आणि मार्ग छापून येतो. शुक्रवारी, २ ऑक्टोबरला सुट्टी असल्याने लोकलचे वेळापत्रक बहुधा रविवारचेच राहील आणि कार्यालयांत जाणारी गर्दी नसेल. म्हणून शुक्रवारी किंवा शनिवारी सकाळी साडेदहानंतर चर्चगेटहून पश्चिम मार्गाची धीमी लोकल पकडा. चर्चगेट पहिले स्थानक असल्यामुळे रिकाम्या गाडीत सावकाश चढता येते आणि खिडकीही मिळते. मरीन लाइन्स ते चर्नी रोड या टप्प्यात डाव्या बाजूला समुद्र दिसतो. दादर किंवा वांद्र्यापर्यंत जाऊन तिथूनच परतीची गाडी धरा, पण परतीचा प्रवास संध्याकाळी पाचच्या आत पूर्ण करा. तिकीट दोन्ही वेळचे एकदम काढून ठेवावे. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

चढताना एक मोठे माणूस आधी, मग मुले आणि शेवटी दुसरे मोठे माणूस, असा क्रम ठेवावा. दाराशी मुलांना उभे करू नये. प्रत्येक मुलाच्या खिशात आपला दूरध्वनी क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी. चुकामूक झाली तर जिथे आहोत त्याच फलाटावर थांबायचे आणि खाकी गणवेशातल्या पोलिसांना चिठ्ठी दाखवायची, हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घ्यावे. आपल्यासाठी रेल्वेची मदतवाहिनी १३९, आपत्कालीन क्रमांक ११२ आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ हे तीन क्रमांक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या दूरध्वनीत साठवलेले असावेत. छत्री मात्र बरोबर घ्या, कारण मोसमी पाऊस मुंबईतून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो आणि जाताजाता दुपारी एखादी जोरदार सर येऊ शकते.